ओलिताच्या जुन्या इंजिनाचे हेड : थोड्या खर्चात पक्की दुरुस्ती

यवतमाळ जिल्ह्यातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. काळ्या कसदार जमिनीत कापूस, तूर व सोयाबीन ही पिके पावसाच्या भरवशावर वाढतात. परंतु पोळ्याच्या सुमारास पावसाने ओढ दिली आणि कपाशी पात्या-फुलांवर असली, तर एक-दोन पाण्यांवर वर्षाचे उत्पन्न अवलंबून राहते. पुढे रब्बीत हरभरा आणि गहू यांनाही वेळेवर ओलित मिळाले तरच दाणा भरतो. अलीकडे वीजपंप व सौरपंप यांचा प्रसार झाला असला, तरी पैनगंगा, वर्धा, अरुणावती, अडाण यांच्या काठी, नाल्यावर व शेततळ्यावर जेथे विजेची तार पोहोचलेली नाही तेथे डिझेल इंजिनच उपयोगी पडते. अशा वेळी जुने इंजिन सुरू झाले नाही तर नुकसान इंजिनाचे नव्हे, पिकाचे होते.

इंजिन जुने झाले, धूर टाकू लागले, हँडल मारून हात दुखले तरी सुरू होईना, की शेतकरी ते खोलून घेतो. हाताशी पैसा मर्यादित असतो. मग बहुधा पिस्टन, रिंगा व लायनर नवीन बसविले जातात आणि हेड मात्र पुसून, जुन्याच गॅस्केटवर पुन्हा आवळले जाते. परिणामी हजारो रुपये खर्चूनही इंजिन पूर्वीसारखेच कुरकुरते. पुष्कळ वेळा दोष खाली नसून वर, म्हणजे हेडमध्ये असतो. इंजिनाबरोबर कंपनीकडून आलेले मूळ हेड नीट तपासून, थोड्या खर्चात पुन्हा कसे कार्यक्षम करावे, आणि हेडवर कोणता खर्च करावा व कोणता टाळावा, हे या लेखात सांगावयाचे आहे.

१. आपली इंजिने

महाराष्ट्रात डिझेल इंजिन बनविण्याची परंपरा जुनी आहे. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३०-४० च्या दशकात डिझेल इंजिने तयार केली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवून शेतीच्या अवजारांचा कारखाना उभारला. पुढे त्याच घराण्याने १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन केली. आज खेड्यांत दोन प्रकारची इंजिने विशेषेकरून आढळतात.

पहिला प्रकार, मिनिटास सुमारे ६५० फेरे करणारे, जड चाकांचे संथ इंजिन. याचा मूळ नमुना इंग्लंडमधील डर्स्ले गावच्या लिस्टर कारखान्याचा. त्याच धर्तीची इंजिने राजकोटकडे मोठ्या प्रमाणावर बनली. दुसरा प्रकार, मिनिटास १५०० फेरे करणारे, पाण्याने थंड होणारे उभे इंजिन. किर्लोस्करचे एव्ही-१ हे ५ अश्वशक्तीचे इंजिन या प्रकारचे असून त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मि.मी., पिस्टनची चाल ११० मि.मी. आणि दाबाचे प्रमाण १६.५ आहे. पुढील हिशेब सोयीसाठी याच मापांवर केले आहेत. कामाची रीत मात्र दोन्ही प्रकारांना सारखीच लागू आहे.

२. हेडवर किती भार येतो ?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा पिस्टन इतकी दाबतो की ती तापून लाल लोखंडासारखी होते, आणि त्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून हवा कोठेही न निसटता पूर्ण दाबली जाणे हे डिझेल इंजिनाचे मर्म होय. ही हवा खालून पिस्टनच्या रिंगा अडवितात आणि वरून हेड व त्यातील दोन व्हॉल्व्ह अडवितात.

जळणाच्या क्षणी आतील दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोच्या आसपास जातो. ८० मि.मी. व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौ. सें.मी. भरते. म्हणजे हेडला खालून सुमारे ३ टनांचा धक्का बसतो. १५०० फेऱ्यांच्या इंजिनात असा धक्का मिनिटास ७५० वेळा, आणि १० तासांच्या ओलितात साडेचार लाख वेळा बसतो. हेडचा पृष्ठभाग, गॅस्केट, व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका यांपैकी एकानेही दगा दिला तर बाकीचे भाग कितीही नवे असले तरी व्यर्थ होत.

३. खोलण्यापूर्वी दोष ओळखा

इंजिन खोलण्याची घाई करू नये. दाब कोठून निसटतो हे न खोलताही पुष्कळसे समजते. डिझेलचा नळ बंद करून हँडलने चाक हळू फिरवावे आणि पिस्टन दाबाच्या बाजूने वर येत असताना चाक दाबाविरुद्ध धरून ठेवावे. चांगल्या इंजिनात चाक उसळी मारून मागे येऊ पाहते. दाब निसटत असेल तर फुसफुस ऐकू येते. ती कोठून येते यावरून दोषाचे ठिकाण ठरते.

(अ) सायलेन्सरमधून आवाज आल्यास धुराचा व्हॉल्व्ह गळतो.
(आ) हवेच्या गाळणीतून आवाज आल्यास हवेचा व्हॉल्व्ह गळतो.
(इ) तेल भरण्याच्या तोंडातून किंवा ब्रीदरमधून आवाज आल्यास रिंगा अथवा लायनर झिजले आहेत.
(ई) चालू इंजिनात पाण्याबरोबर बुडबुडे येत असल्यास गॅस्केट फुटले आहे किंवा हेडला तडा गेला आहे.

संशय राहिल्यास नोझल काढून त्या भोकातून चहाच्या चमच्याएवढेच इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये सोडावे, नोझल परत बसवावे आणि चाक हाताने फिरवून पाहावे. दाब एकदम वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजल्या. दाब वाढला नाही तर दोष हेडमध्ये आहे. ही परीक्षा हातानेच करावी. तेल जास्त घालू नये. इंजिन सुरू करण्यापूर्वी दाब सोडण्याची कळ दाबून, डिझेल बंद ठेवून चाक पुष्कळ वेळा फिरवावे व आतील तेल बाहेर टाकावे. नाहीतर ते तेल जळून इंजिन बेफाम पळण्याचा धोका असतो.

या परीक्षेस एक पैसाही लागत नाही. परंतु पिस्टन-लायनरचा खर्च करावा की हेडचा, हा मोठा निर्णय तीवर ठरतो.

४. हेड उतरविणे व स्वच्छ करणे

हेड नेहमी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच खोलावे. नट तिरप्या क्रमाने, प्रत्येक थोडा थोडा असे सैल करावेत. एकच नट एकदम काढल्यास हेड वाकू शकते. व्हॉल्व्ह, स्प्रिंगा व पुशरॉड यांवर खूण करून ठेवावी म्हणजे जेथील भाग तेथेच परत बसेल. जुने गॅस्केट कोरडे खरवडू नये. पूर्वीच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असे व त्याची धूळ फुफ्फुसास घातक आहे. पाण्याने ओले करून मगच काढावे व तो चोथा पुरून टाकावा.

काजळी लाकडाच्या किंवा तांब्याच्या पट्टीने काढावी. छिन्नीने हेडचा सपाट भाग खरवडल्यास पडलेली रेघ पुढे दाबाला वाट करून देते. धुराचा मार्ग, हवेचा मार्ग व व्हॉल्व्हच्या पाठीवर साचलेली काजळी पूर्ण काढावी. त्यानंतर हेड धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन वाळवावे.

पाण्याच्या पोकळीकडे आपल्या जिल्ह्यात विशेष लक्ष देणे जरूर आहे. वणी, मारेगाव, झरी-जामणी या भागात चुनखडीचा खडक आहे. अशा भागातील विहिरींचे जड पाणी इंजिनातून फिरले की हेडच्या पोकळीत क्षारांचा पांढरा थर बसतो. हा थर उष्णता वाहून नेण्यास ओतीव लोखंडापेक्षा वीसपटीहून अधिक मंद असतो. म्हणजे १ मि.मी. थर बसणे हे हेडची भिंत २० मि.मी.ने अधिक जाड करण्यासारखे आहे. बाहेर पाणी गार वाहत असते आणि आत दोन व्हॉल्व्हमधील अरुंद भाग तापून तडकतो, त्याचे कारण हेच.

हा थर काढण्यासाठी किराणा दुकानात लिंबूसत्त्व या नावाने मिळणारे सायट्रिक ॲसिड वापरावे. १ लिटर कोमट पाण्यास ५० ग्रॅम या प्रमाणात द्रावण करून, हेडची खालची भोके लाकडी खुंट्यांनी बुजवून पोकळीत भरावे. फेस येणे थांबले की ओतून द्यावे व जरूर तर पुन्हा भरावे. शेवटी सोड्याच्या पाण्याने व नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. तारेने चिखल व गंजाचे पोपडे काढावेत. हे काम करताना डोळे व हात जपावेत. जोरदार तेजाब वापरण्याचा मोह टाळावा; ते क्षाराबरोबर लोखंडही खाते.

५. तडा व सपाटी यांची तपासणी

स्वच्छ हेडवर पैसा खर्च करण्यापूर्वी ते खर्च करण्याच्या लायकीचे आहे की नाही हे पाहावे. व्हॉल्व्हच्या दोन बैठकांमधील अरुंद पट्टी आणि नोझलच्या भोकाभोवतालचा भाग येथे तडे जातात. तेथे रॉकेल किंवा डिझेल लावून १५ मिनिटे ठेवावे. मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून वर खडूची बारीक पूड भुरभुरावी. तडा असल्यास आत शिरलेले तेल बाहेर येऊन पुडीवर काळसर रेघ उमटते. रेघ बैठकीपर्यंत गेलेली असेल किंवा पाण्याच्या पोकळीतून पाझर असेल, तर त्या हेडवर पैसा घालू नये. ओतीव लोखंडाचे असे वेल्डिंग फार काळ टिकत नाही. तेथे दुसरे हेड घेणे हीच खरी काटकसर होय.

त्यानंतर सपाटी पाहावी. सरळ पोलादी पट्टी हेडच्या तोंडावर लांबीत, रुंदीत व दोन्ही तिरप्या रेषांत उभी धरून तिच्याखाली फीलर गेजची पाने घालून पाहावीत. ०.०५ मि.मी.चे पान कोठेच शिरत नसेल तर हेड सपाट आहे. ०.१० मि.मी.चे पान शिरत असेल तर नवीन गॅस्केट घालूनही ते लवकरच फुटेल. अशा वेळी तालुक्याच्या गावी यंत्रावर तोंड घासून घ्यावे. घासताना वाकडेपणा निघेल एवढेच लोखंड काढण्यास बजावावे आणि किती काढले ते मिस्त्रीकडून लिहून घ्यावे. त्याचा उपयोग पुढे आहे.

६. गाईड, बैठक व व्हॉल्व्ह : कामाचा क्रम

मूळ हेडमध्ये करावयाची खरी सुधारणा येथे आहे. परंतु तिचा क्रम चुकल्यास श्रम वाया जातात. प्रथम गाईड, नंतर बैठक, नंतर व्हॉल्व्ह, असा क्रम ठेवावा. कारण बैठक कापणारे हत्यार गाईडच्या भोकात मध्य धरून फिरते. गाईड झिजलेले असेल तर बैठक तिरपी कापली जाते आणि पुढे गाईड बदलले की व्हॉल्व्ह बैठकीवर बसतच नाही.

गाईड : व्हॉल्व्ह सुमारे १ सें.मी. वर उचलून बोटाने दोन्ही बाजूंना हलवावा. स्पष्ट डुगडुग जाणवली तर गाईड झिजले आहे. नवीन व्हॉल्व्ह त्याच गाईडमध्ये घालून पाहिल्यास झीज गाईडची की व्हॉल्व्हच्या दांड्याची हे कळते. झिजलेल्या गाईडमधून हवेच्या बाजूने तेल आत शिरते व काजळी वाढते, आणि धुराच्या बाजूने व्हॉल्व्हची उष्णता निघून जात नाही. गाईड ठोकून बदलता येते. बदलल्यावर रीमरने कंपनीच्या मापास आणावे.

बैठक : व्हॉल्व्ह ज्या पट्टीवर टेकतो तिला मिस्त्री सीट म्हणतात. ती पट्टी बहुधा ४५ अंशांची असते. वारंवार घासून ती रुंद होते. रुंद बैठकीवर दाब विभागला जातो व काजळीचा कण अडकून राहतो. फार अरुंद बैठकीवरून व्हॉल्व्हची उष्णता उतरत नाही व तो जळतो. दीड ते दोन मि.मी. रुंदी बेताची समजावी. बैठक रुंद झाली असेल तर वरच्या बाजूने ३० अंशांचा व आतल्या बाजूने ६० अंशांचा हलका काप देऊन मधली ४५ अंशांची पट्टी बेताची करता येते. या तीन कापांमुळे व्हॉल्व्ह घट्ट बसतो आणि हवेलाही सुरळीत वाट मिळते. हेडमध्ये हवेचा मार्ग सुधारावयाचा असेल तर स्वस्त आणि निर्धोक असा उपाय हाच आहे. फार खोल गेलेल्या बैठकीत वेगळी कडी बसवून घ्यावी.

व्हॉल्व्ह : ज्याची कड सुरीसारखी पातळ झाली आहे, दांडा वाकला आहे किंवा तोंडावर जळाल्याचे खाचे आहेत तो व्हॉल्व्ह टाकून द्यावा. बाकीचे यंत्रावर घासून, मग बैठकीवर ग्राइंडिंग पेस्टने लावावेत. प्रथम जाड व नंतर बारीक. व्हॉल्व्ह सारखा एकाच दिशेने गरगर फिरवू नये. मागे-पुढे थोडा फिरवावा, उचलावा, जागा बदलावी व पुन्हा फिरवावा. सर्वत्र राखाडी रंगाची, न तुटलेली गोल रेघ दिसली की काम झाले. पेस्टचा कणही आत राहता कामा नये. तो पुढे सिलिंडर खातो.

परीक्षा : बैठकीवर पेन्सिलीने आडव्या रेघा ओढून व्हॉल्व्ह दाबून पाव फेरा फिरवावा. प्रत्येक रेघ पुसली गेली पाहिजे. त्यानंतर स्प्रिंगा बसवून हेड आडवे ठेवावे व हवेच्या आणि धुराच्या मार्गात डिझेल ओतावे. ५ मिनिटांत व्हॉल्व्हच्या कडेने ओल दिसली नाही तर बैठक पक्की आहे. ओल दिसली तर पुन्हा लावावे. ही परीक्षा स्वतः पाहिल्याखेरीज हेड मिस्त्रीकडून ताब्यात घेऊ नये.

स्प्रिंगा : जुनी व नवी स्प्रिंग सपाट फळीवर शेजारी उभ्या करून उंची पाहावी आणि गुण्या लावून झुकाव पाहावा. आखूड किंवा झुकलेली स्प्रिंग बदलावी. या भागाची किंमत थोडी, पण दुर्लक्षाची शिक्षा मोठी असते.

७. एक मिलिमीटरची किंमत

व्हॉल्व्ह बैठकीत खोल जाणे व जाड गॅस्केट घालणे यांस लोक क्षुल्लक समजतात. हिशेब करून पाहू.

सिलिंडरमध्ये पिस्टन खाली-वर होताना ५५३ घन सें.मी. जागा व्यापतो. दाबाचे प्रमाण १६.५ असल्यास पिस्टन वर असताना हवेस उरणारी जागा ३५.७ घन सें.मी., म्हणजे जेमतेम छोट्या कपाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते. व्हॉल्व्हच्या तोंडाचा व्यास ३५ मि.मी. धरला आणि दोन्ही व्हॉल्व्ह १ मि.मी. खोल गेले, तर ही जागा १.९ घन सें.मी.ने वाढते व प्रमाण १५.७ वर येते. त्यात मापापेक्षा अर्धा मि.मी. जाड गॅस्केट घातले की आणखी २.५ घन सें.मी. वाढतात आणि प्रमाण १४.८ वर उतरते. हिशेबाने दाबलेल्या हवेचे तापमान त्यामुळे सुमारे ३० अंशांनी घटते. मार्गशीर्ष-पौषातील थंड पहाटे गव्हाला पाणी देताना इंजिन का सुरू होत नाही, याचे उत्तर पुष्कळदा या दीड मिलिमीटरमध्ये असते.

म्हणून व्हॉल्व्ह किती खोल बसला आहे हे पट्टी आडवी ठेवून मोजावे व कंपनीच्या पुस्तकातील मर्यादेशी ताडून पाहावे. गॅस्केट मूळ जाडीचेच घ्यावे. दोन गॅस्केटे एकावर एक घालणे सर्वथा गैर आहे.

८. कोणत्या सुधारणा करू नयेत

मोटारींच्या शर्यतीची चित्रे पाहून काही तरुण मिस्त्री हेडचे हवेचे मार्ग कोरून मोठे करण्याचा, त्यांस आरशासारखी झिलई देण्याचा किंवा हेड घासून दाब वाढविण्याचा सल्ला देतात. शर्यतीचे इंजिन मिनिटास सात-आठ हजार फेरे करते. तेथे हवा लवकर आत शिरणे महत्त्वाचे असते. आपले इंजिन गव्हर्नरच्या ताब्यात १५०० फेऱ्यांवर चालते. त्यास मिनिटाला सुमारे ४१५ लिटर हवा लागते आणि कंपनीने दिलेले मार्ग तेवढ्यास पुरेसे आहेत. ते मोठे केल्याने पंप अधिक पाणी देणार नाही. उलट पाण्याच्या पोकळीपर्यंतची भिंत पातळ होऊन हेड निकामी होण्याचा धोका आहे. मार्गातील काजळी, ओतकामाचे टोचणारे कंगोरे आणि आत डोकावणारी गॅस्केटची कड एवढेच काढावे. त्याहून अधिक कोरणे हा पैशाचा अपव्यय होय.

दाब वाढविण्यासाठी हेड जास्त घासणे तर अधिक वाईट. डिझेल इंजिनात पिस्टन व हेड यांमधील अंतर मुळातच फार थोडे असते. ते आणखी कमी झाल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो.

खरी काटकसर हवेच्या गाळणीत आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ उडते. गाळणीतील तेल घट्ट झाले असेल, तर हवेचा मार्ग कितीही गुळगुळीत केला तरी श्वास कोंडतोच. आणि गाळणी काढून टाकली तर नवीन लावलेले व्हॉल्व्ह, गाईड व रिंगा एकाच हंगामात झिजतात.

९. हेड बसविणे

हेड घासून घेतले असल्यास पिस्टन व हेड यांतील अंतर तपासणे अत्यावश्यक आहे. पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हच्या जागा टाळून, मऊ शिशाच्या तारेचे तुकडे ठेवावेत. गॅस्केट घालून हेड पूर्ण आवळावे व चाक हाताने एक फेरा सावकाश फिरवावे. हेड काढून चपट्या झालेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजावी. ती पुस्तकातील मापापेक्षा कमी भरल्यास योग्य जाडीची पत्री सिलिंडरखाली घालावी. इंजिन अडखळले तर जोर लावू नये.

नोझलखाली तांब्याचे वॉशर एकच आणि योग्य जाडीचे असावे. नोझल तपासणी यंत्रावर कंपनीने ठरविलेल्या दाबास लावून घ्यावे. ठिबकणारे नोझल नव्या व्हॉल्व्हवर आठवड्याभरात काजळी आणते.

नट मधून बाहेर किंवा समोरासमोर अशा तिरप्या क्रमाने, तीन हप्त्यांत व टॉर्क पान्याने पुस्तकातील जोरावर आवळावेत. अंदाजाने पाइप लावून आवळू नयेत. टॅपेटचे अंतर लावावे. इंजिन काही तास चालवून, थंड झाल्यावर, नटांचा जोर व टॅपेट पुन्हा तपासावे. नवे गॅस्केट थोडे बसते. हे दुसरे तपासणे टाळल्यामुळेच कित्येक चांगली कामे बिघडतात.

१०. पैसा आधी कोठे घालावा ?

हाताशी रक्कम थोडी असल्यास पुढील क्रम पाळावा.

पहिली पायरी, घरच्या श्रमाची : दोषाची परीक्षा, काजळी व क्षार काढणे, तड्याची व सपाटीची तपासणी, गाळणी स्वच्छ करणे.
दुसरी पायरी, अल्प खर्चाची : व्हॉल्व्ह लावणे, नवे गॅस्केट, तांब्याचे वॉशर, कमजोर स्प्रिंगा, नोझल तपासून घेणे.
तिसरी पायरी, मध्यम खर्चाची : गाईड, नवे व्हॉल्व्ह, तीन कापांची बैठक, तोंड घासणे.
चौथी पायरी : रिंगा, पिस्टन व लायनर. मात्र तेलाच्या परीक्षेत ते झिजलेले ठरले तरच.

दोन्हीकडे दोष असेल आणि पैसा एकाच कामापुरता असेल, तरी फक्त रिंगा घालून जळका व्हॉल्व्ह तसाच ठेवू नये. खालून अडविलेला दाब वरून निघून जाईल.

११. लाभ मोजून पाहा

दुरुस्तीचा गुण सांगोवांगी मानू नये. टाकीऐवजी खुणा केलेल्या बाटलीतून इंजिनास १ लिटर डिझेल द्यावे व ते किती मिनिटे पुरते ते पाहावे. त्याच वेळी २०० लिटरचे पिंप किती सेकंदांत भरते तेही पाहावे. दुरुस्तीपूर्वी व दुरुस्तीनंतर, त्याच विहिरीवर, पाण्याची पातळी सारखी असताना ही परीक्षा करावी. ५ अश्वशक्तीचे सुस्थितीतील इंजिन पूर्ण भारावर तासाला सव्वा लिटरच्या आत डिझेल घेते. तासाला पाव लिटर जरी वाचले आणि हंगामात २०० तास ओलित झाले, तर ५० लिटर डिझेल वाचते. लिटरचा भाव ९० रुपये धरल्यास ही बचत ४,५०० रुपये होते.

दुरुस्त केलेले हेड टिकविणे शेतकऱ्याच्या हाती आहे. सुरुवातीस व बंद करण्यापूर्वी इंजिन पाच मिनिटे भाराविना चालवावे. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी ६० ते ७० अंशांचे, म्हणजे हात क्षणभर लावता येईल पण ठेवता येणार नाही, इतके गरम असावे. विहिरीचे गार पाणी भरमसाट सोडल्यास जळण अर्धवट होऊन काजळी धरते. आणि पाणी तुटून इंजिन तापले तर त्यावर गार पाणी कधीही ओतू नये. वैशाखातील तापलेल्या हेडला त्या एका बादलीने तडा जातो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

दुरुस्तीची शिकवण भाषणाने होत नाही. उन्हाळ्यात, पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी, गावातील एक बंद पडलेले इंजिन निवडून त्यावर प्रात्यक्षिक ठेवावे. पोलादी पट्टी, फीलर गेज, ग्राइंडिंग पेस्ट, खडू, पेन्सिल, शिशाची तार, मोजणीची बाटली एवढे साहित्य पुरते. फुसफुशीची परीक्षा व डिझेल ओतून करावयाची परीक्षा शेतकऱ्यांकडूनच करवून घ्यावी. गावच्या मिस्त्रीस अवश्य बोलवावे व त्याचा मान राखावा. प्रात्यक्षिकानंतर काम त्याच्याच हातून व्हावयाचे असते. टॉर्क पाना व मायक्रोमीटर प्रत्येकाने घेण्याची जरूर नाही. बचत गटाने किंवा सहकारी संस्थेने एक संच घेतल्यास साऱ्या गावास पुरेल. प्रत्येक इंजिनासाठी एक वही घालून तीत दुरुस्तीची तारीख, हेड किती घासले, बदललेले भाग आणि एका लिटरची मिनिटे लिहून ठेवावीत. पुढच्या वेळी त्याच वहीवरून निर्णय करता येईल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो, कारण वर्षभर ओझे ओढणारा खांदा दुखरा राहू नये. इंजिनाचे सारे ओझे हेड व व्हॉल्व्ह यांवर पडते. त्यांची निगा पीक सुकू लागल्यावर नव्हे, तर हंगामापूर्वी घ्यावी, म्हणजे पावसाने ओढ दिली तरी पहिल्या हँडलला इंजिन सुरू होईल आणि उभ्या कपाशीस वेळेवर पाणी मिळेल.